सतरा जणांचा साकव

नवीन मूल खेळायला आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नियम काय, असं ते विचारत नाही. ‘आउट झाल्यावर कुठे उभं राहायचं?’ असं विचारतं. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षं मी रत्नागिरीत आमच्या कॉलनीतल्या मुलांना रोज संध्याकाळी खेळवते, आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की आता उत्तरच देत नाही, हात धरून ओळीत उभं करते. माझ्या खेळांत कोणी आउट होत नाही. पाच वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल एकाच डावात असतं आणि डाव संपतो तेव्हा दोघंही खेळातच असतात. हे ऐकून पालक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. एका आईने विचारलं, मग शेवटी सर्टिफिकेट कशाचं देता? मी म्हटलं, दमल्याचं.

नोकरीच्या आठवणी लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. मी प्राथमिक शिक्षिका होते. बदल्या, प्रशिक्षणं, जनगणना, निवडणुका यांच्या आठवणी प्रत्येक शिक्षकाकडे असतात आणि सगळ्यांच्या साधारण सारख्याच असतात. त्या मी सोडून देते. मी फक्त खेळाच्या तासाबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही एका खेळाबद्दल, कारण त्या खेळात चूक माझी होती आणि ती सुधारली दुसऱ्यांनी.

देवरुखच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत माझी शाळा होती. चिऱ्याच्या भिंती, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते सातवी मिळून पटावर सतरा मुलं. कबड्डीचे दोन संघ करायचे तर चौदा जण लागतात. आमच्याकडे सतरा होते, पण त्यातले सहा पहिली-दुसरीतले, ज्यांची चड्डी धावताना सुटायची. ‘मिश्र वयोगट’ हा शब्द मी पुढे एका प्रशिक्षणात ऐकला. आम्ही त्याला ‘पोरंच तेवढी’ म्हणत होतो.

सुरुवातीला मीसुद्धा लंगडी आणि खो-खोच घेतले. होतं काय, पहिलीतलं पोर अर्ध्या मिनिटात बाद होतं आणि उरलेला तास पायरीवर बसून माती उकरतं. ज्याला धावायची सगळ्यांत जास्त गरज, तोच सगळ्यांत आधी बसलेला. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे तो लिंबूटिंबूचा. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण पकडलं तरी पकडलं म्हणायचं नाही. मोठ्यांना वाटतं पोर खूश आहे. पोराला मात्र पाच मिनिटांत कळतं की आपण धावलो काय आणि नाही धावलो काय, कोणाला काही फरक पडत नाही.

म्हणून मग मी खेळ मोडून पुन्हा जोडायला लागले. हे काम बाहेरच्याला पोरखेळ वाटेल, पण त्याला डोकं लागतं. मोठ्यांचं काहीतरी काढून घ्यायचं आणि लहानांना काहीतरी द्यायचं, असा तो हिशेब असतो. सातवीतल्यांचे डोळे बांधायचे आणि पहिलीतल्याने त्यांना नुसत्या आवाजाने शाळेच्या घंटेपर्यंत न्यायचं. मोठा चुकला तर दोघांनी मिळून परत फिरायचं. लहान मुलाच्या हातात सत्ता दिली की ते किती जबाबदारीने वागतं, आणि कधी कधी किती दुष्टपणाने, ते तेव्हा कळतं.

आमचे केंद्रप्रमुख एकदा तपासणीला आले होते. अतिशय सज्जन माणूस, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल हवा असायचा. पाच मिनिटं उभं राहून त्यांनी विचारलं, ‘बाई, यात जिंकलं कोण?’ मला समजावून सांगता येईना, म्हणून मी त्यांच्या डोळ्यांना पंचा बांधला आणि पहिलीतल्या एका चिमुरडीच्या स्वाधीन केलं. तिने साहेबांना शाळेला दोन प्रदक्षिणा घालायला लावल्या, एकदा शेणाच्या पोवातून नेलं आणि मग घंटेपाशी सुखरूप पोचवलं. साहेबांनी बूट पुसले आणि शेऱ्याच्या वहीत ‘उपक्रम चांगला’ असं लिहिलं. जिंकलं कोण, हे त्यांनी परत कधी विचारलं नाही.

आता तो खेळ. नाव साकव. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक पऱ्या होता, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, आणि त्यावर दोन ओंडके टाकून केलेला साकव. पावसाळ्यात मुलं त्यावरूनच शाळेत यायची. तोच मी अंगणात आणला. पोफळीच्या झावळीचा खालचा रुंद, चामड्यासारखा भाग असतो त्याला विरी म्हणतात. तशा विऱ्या अंगणात ओळीने टाकायच्या. बाकीची जमीन म्हणजे पाणी. सगळ्यांनी विऱ्यांवरून पाय ठेवत पलीकडे जायचं, पण विऱ्या पुरत नाहीत, त्यामुळे मागची उचलून हातोहात पुढे द्यावी लागते. एकटा कोणी पोचूच शकत नाही. मोठ्यांना लहानांना धरावं लागतं, लहानांना विऱ्या सरकवाव्या लागतात. कागदावर यात काही खोट नव्हती, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

खोट मी नंतर घातली. मुलं दोन-तीन शनिवार खेळली आणि विचारायला लागली, की बाई, आज चांगलं झालं का? मला वाटलं, दुसऱ्याशी स्पर्धा नको, पण स्वतःच्याच कालच्याशी करायला काय हरकत आहे. माझ्याकडे नवा मोबाइल होता. वाडीत रेंज नव्हती, त्यामुळे त्याचा उपयोग घड्याळ म्हणूनच. मी वेळ लावायला लागले आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागले. पहिल्यांदा एकवीस मिनिटं, मग एकोणीस. कोणाचा पाय जमिनीला लागला तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं, हा नियमही माझाच. त्याने सगळे एकमेकांना सांभाळतील असं मला वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी बारा मिनिटांत साकव झाला. मी टाळ्या वाजवल्या, बारा हा आकडा मोठा काढला आणि त्याला चौकट केली. सातवीतला दिगंबर, ज्याला सगळे दिग्या म्हणत, तो आमचा सगळ्यांत दांडगा गडी. तो अंगणभर नाचला. त्या दिवशी दुसरीतली सोनाली आली नव्हती. माझ्या ते लक्षातही नव्हतं.

शनिवारची शाळा सकाळची असते आणि थंडीच्या दिवसांत डोंगरात एखाद-दुसरं मूल कमी असणं नवीन नाही. मार्चमध्ये हजेरीची वार्षिक बेरीज करायला बसले, तेव्हा सोनालीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दिसल्या. आठवड्याला एक. सोमवार ते शुक्रवार पोर नियमित होतं आणि शनिवारी मात्र गैरहजर. मोजले तर बारा शनिवार. खुणा माझ्याच हाताने केलेल्या होत्या, दर आठवड्याला, मान वर न करता.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. शिमग्याचे दिवस होते. आदल्या दिवशी वाडीत पालखी फिरली होती. सोनालीचे वडील अनंत मुंबईला टेम्पो चालवायचे, ते शिमग्याला गावी आले होते आणि पडवीत खांद्याला तेल चोळत बसले होते. सहा फूट माणूस. सोनाली मात्र आईसारखी, चणीने लहान. आईने पाणी दिलं आणि सांगितलं की दर शनिवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं, देवरुखला डॉक्टरांकडेही नेऊन आणलं, पण त्यांना काही सापडलं नाही. सोनाली खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, शनिवारी मुलं तुला काही बोलतात का, कोणी ओरडतं का? तिने नकारार्थी मान हलवली. मग कोणी येऊ नको म्हणालं का? नाही. मग काय झालं, बाळा?

‘मी नसलं की बारा मिन्टात व्हतं,’ ती म्हणाली. ‘तुमीच फळ्यावर लिवलात नं.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेसाठी आपल्याकडून होईल तेवढं करते आहे, असं ते पोर मला सांगत होतं. पाय टाकताना ती थबकायची, विरीकडे बघत राहायची, कधी पाय चुकून मातीत पडायचा, आणि माझ्या नियमाने सगळे परत पहिल्यापासून सुरू करायचे. सात वर्षांच्या पोरीने हिशेब केला होता की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आपण नसणं. पोटदुखी खोटी नसावी. शुक्रवारी झोपतानाच ती सुरू व्हायची, असं आई म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी पाण्याचा तांब्या उगाच दोन्ही हातांत धरून बसले.

अनंत सगळं ऐकत होते. मला वाटलं, रागावतील, आणि रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला खेळ कसा असतो ते सगळं सांगायला लावलं. मग खांदा चोळत म्हणाले, ‘काल पालखीला माज्या बाजूला बारका म्हादू होता. माज्या छातीला लागतो तो. आख्खी वाडी मी गुडघ्यात वाकून फिरलो, म्हनून हे तेल. पालखीला उंच मानूस वाकतो, बाई. बुटक्याला टाचा वर कर म्हनून कोन सांगत नाय.’

मी परत येताना तोच खरा साकव ओलांडला. पऱ्या आटला होता. मला एकदम पावसाळ्यातल्या सकाळी आठवल्या. दिग्या रोज लहान मुलांना या साकवावरून आणायचा. सोनाली मध्येच थबकायची, खाली पाणी बघत राहायची, आणि तिचा हात धरून दिग्या चिंब भिजत उभा असायचा. त्याने कधी चल चल म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तोच दिग्या शनिवारी माझ्या अंगणातल्या कोरड्या साकवावर मिनिटं ओरडत होता, आणि हे त्याला मी शिकवलं होतं. मी शिक्षिका म्हणून यापेक्षा वाईट काही केलं असेल तर मला आठवत नाही.

सोमवारी मी फळ्याचा कोपरा पुसला. पुन्हा पहिल्यापासून हा नियम काढून टाकला. कोणाचा पाय पाण्यात पडला तर जवळच्या मोठ्याने हात देऊन वर घ्यायचं आणि पुढे जायचं. आणि कोणी थांबलं तर उंच माणसाने वाकायचं. मुलं नाराज झाली. दिग्याने विचारलं, मग खेळ चांगला झाला का ते कसं कळणार? प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं. मी सांगितलं, आधी सगळे येऊ देत, मग बघू.

शनिवार आला. प्रार्थना झाली, हजेरी झाली, सोळा. अनंत सुट्टी संपवून मुंबईला गेले होते. पोरीला पाठवतो म्हणाले होते, पण त्यांच्या पाठीमागे पोटात दुखलं असेल तर आई काय करणार. मी विऱ्या मांडल्या, उगाच सरळ केल्या, पुन्हा मांडल्या. दिग्या म्हणाला, बाई, मी येतो जाऊन. परवानगी द्यायच्या आत तो पळाला होता. बऱ्याच वेळाने साकवाच्या बाजूने दोघं येताना दिसली, पावसाळ्यात यायची तशी, हात धरून. तू तिला काय सांगितलंस, असं मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, काय नाय, चल म्हनलं.

खेळ सुरू झाला. अर्ध्यावर गेले आणि सोनाली थबकली. तिच्यापुढची विरी जरा लांब पडली होती. पुढचे थांबले, मागचे थांबले. सगळ्यांच्या तोंडावर सवयीची घाई होती, आणि ती सोनालीला दिसत होती. ती खाली मान घालून म्हणाली, ‘तुमी जावा फुडं, मी येतंय मागनं.’

दिग्याने सवयीने माझ्या हाताकडे बघितलं. हातात मोबाइल नव्हता. मग त्याने वाकायचं ठरवलं असावं, पण नुसतं वाकून किती वेळ राहणार. तो सरळ विरीवर उकिडवा बसला. त्याच्या मागची बसली. मग एकेक करत सगळे बसले, सोळाच्या सोळा, अंगणातल्या पाण्याच्या मधोमध. बसल्यावर गप्पा सुरू झाल्या. कोणाच्या कलमाला मोहोर किती आला, पालखी कोणाच्या दारात जास्त वेळ नाचली. सगळे बसल्यामुळे त्या ओळीत सोनाली सगळ्यांत उंच होती. तिने एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं. मग पाय टाकला आणि मागे वळून सांगितलं, ‘उटा आता.’

किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात सतरा लिहिलं. दिग्याने विचारलं, सतरा मिनिटं? मी म्हटलं, सतरा जण. त्याने मान डोलावली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांना एकदमच मिळालं होतं.

यापुढे सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. शेवटी पोचणाऱ्याने घंटा वाजवायची, मगच खेळ संपला, असा मी उत्साहाने नवा नियम केला. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा, आणि तो वाजवायचा मान एरवी फक्त आमच्या दुसऱ्या शिक्षकांचा, गुरुजींचा. परिणाम असा झाला की सगळ्यांनाच शेवटी पोचायचं होतं. पुढच्या शनिवारी सतरा मुलं अंगणाच्या अलीकडेच ‘आधी तू जा’ करत उभी राहिली आणि मधली सुट्टी झाली तरी कोणी विरीवर पाय ठेवला नव्हता. शेवटी मुलांनीच तोड काढली. मुद्दाम मागे राहणाऱ्याला घंटा मिळणार नाही, आणि मुद्दाम कोण राहिलं ते सोनालीने ठरवायचं, कारण थांबण्यातलं तिला सगळ्यांत जास्त कळतं. ती फार कडक न्यायाधीश निघाली. दिग्याला तर तिने वर्ष संपेपर्यंत एकदाही घंटा दिली नाही.

त्यानंतर सोनालीचा एकही शनिवार चुकला नाही. चौथीत ती आईबरोबर वडिलांकडे मुंबईला गेली आणि पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ते बारा शनिवार मात्र तिचे गेलेच. दिग्याबद्दलही मला एक रुखरुख आहे. हायस्कूलला गेल्यावर त्याला कबड्डीच्या संघात घेतलं नाही, हा पकडलेल्याला उचलायला जातो म्हणून. मला भेटला तेव्हा हसत सांगत होता. मी हसले, पण घरी येऊन विचार करत बसले की आपण याचं भलं केलं की नुकसान. अजून ठरलेलं नाही. आता तो देवरुखला बांधकामावर मुकादम आहे आणि त्याच्या हाताखालची माणसं त्याला सोडून जात नाहीत, असं ऐकते.

कॉलनीत मी साकव अजून घेते. विऱ्या भाट्ये गावाच्या बाजूच्या एका बागेतून आणते, घंटेऐवजी स्टीलचं ताट आणि पळी आहे. नियम तेच आहेत. मुलांना ते कुठून आले हे मी कधी सांगितलेलं नाही, आणि मी स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसते, कारण उजवा गुडघा गेला आहे. गेल्या महिन्यात मुलं हट्टाला पेटली की बाई, आज तुम्ही पण. मी उतरले. चार विऱ्या बऱ्या गेल्या. पाचवीवर गुडघा धरला आणि मला पाय उचलवेना. पुढची मुलं थांबली, मागची थांबली. कोणाला क्लासला जायचं होतं, कोणाची आई गॅलरीतून हाक मारत होती. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं आणि मी म्हणून गेले, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून.’

म्हटलं आणि ऐकलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की सोनालीचं ते वाक्य मला कळलं आहे. ते कळायला मध्यावर उभं राहावं लागतं.

माझ्यापुढे साडेपाच वर्षांची इरा होती. तिने मागे वळून मला समजावलं, ‘बाई, असं नसतं. बसायचं असतं.’ आणि ती बसली. मग सगळे बसले. मी उभी होते, त्या ओळीत सगळ्यांत उंच, आणि डोळे पुसायला पदर सापडत नव्हता. मुलं आपापल्या गप्पांना लागली होती, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. हळूहळू गुडघा सुटला. मी म्हटलं, उठा आता.

पलीकडे सगळ्यांत शेवटी मी पोचले. ताटाकडे हात नेला तर इरा आडवी आली. हल्ली मुद्दाम कोण मागे राहिलं ते ठरवण्याचं काम तिच्याकडे आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली बसून गुडघ्याकडे नीट बघितलं, आणि निकाल दिला की मुद्दाम नाही. मग मी ताट वाजवलं.